वाघाडीची तारीख

बापू खैरनारांचा फुटबॉल संघ आजवर एकदाही हरलेला नाही. गुणतक्ता वेगळं सांगतो, पण बापूंच्या म्हणण्याप्रमाणे संघाची फक्त तारीख पडते.

बापू माझे शेजारी. कोर्टात कारकून होते. ते निवृत्त झाले, पण त्यांची भाषा अजून नोकरीवर आहे. खेळाडूचा पाय प्रतिस्पर्ध्याला लागला आणि पंचाने पाहिलं नाही, की बापू म्हणतात, "सबळ पुराव्याअभावी सुटला." पेनल्टी विरुद्ध गेली, तर "अपिलात टिकणार नाही." एका रविवारी ते मैदानावरून मान खाली घालून येताना दिसले, म्हणून मी गॅलरीतून विचारलं, "बापू, काय झालं आज?"

"तारीख पडली."

"किती गोलांनी?"

"लांबची पडली," एवढं बोलून ते जिना चढले.

संघाचं नाव वाघाडी फुटबॉल क्लब. बाहेरच्यांना वाटतं, नावात वाघ आहे. वाघाडी हा नाला आहे आणि उन्हाळ्यात त्याला धड पाणीही नसतं, हे पंचवटीत राहणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या शहराच्या लीगमध्ये दोनच संघ जिंकतात, सम्राट आणि रॉयल. या दोघांच्या कपाटांतून चषक बाहेर पडतो तो फक्त भांडीबाजारात, पॉलिशला. त्यांच्याकडे हिरवळीचं मैदान आहे, पाय चोळून द्यायला माणूस आहे, राखीव खेळाडूंनाही एकसारखे बूट आहेत. वाघाडीकडे बापू आहेत आणि भाजीबाजारामागची मोकळी जागा आहे. तीसुद्धा हातगाड्या येईपर्यंतच.

मी एका कारखान्यात हिशेब पाहतो, त्यामुळे मला आकडे गप्प बसू देत नाहीत. दर हंगामात मी बापूंना गुण मांडून दाखवतो, की यंदाही शक्यता नाही. ते चष्मा लावून ऐकतात आणि म्हणतात, "सुधीर, युक्तिवाद चांगला आहे. फक्त तू विरुद्ध पक्षाचा वकील आहेस."

मग वाघाडीला किसन मिळाला. हरसूलकडचा, डोंगर चढत-उतरत वाढलेला. पळायला लागला की पंचाला धाप लागायची. दोष एकच, चेंडू गोलसमोर आला की हा तो आडव्या दांडीवरून आभाळात धाडायचा. बापूंनी त्यावर उपाय शोधला. बाजारातली पहिली हातगाडी आली, की तिच्या खालून चेंडू पार करायचा. बापू कडेला उभे राहून ओरडायचे, "खाली ठेव! खाली ठेव!"

गाडीवाल्या सखूबाई त्यांच्यावर ओरडायच्या, "बापू, माझी मेथी काय गोलकीपर हाय का?"

हंगामभर किसन बापूंच्याच घरी राहायचा. काकू गेल्यापासून त्या घरातून दोन माणसांचे आवाज तेव्हाच ऐकू यायचे, बहुतेक वेळा भांडणाचे.

त्याचा खेळ सुधारला आणि सम्राटवाल्यांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी त्याला नोकरी दिली, राहायला खोली दिली आणि संघात घेतलं. बापू म्हणाले, "साक्षीदार फितूर झाला," आणि त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. कोणी किसनचा विषय काढला, की ते विचारायचे, "कोण?" जखम खोल दिसतेय, असं समजून आम्हीही विषय टाळू लागलो.

यंदा मात्र माझं गणित पहिल्यांदाच बापूंच्या बाजूने निघालं. शेवटचा सामना सम्राटशी होता. तो नुसता बरोबरीत सुटला असता, तरी वाघाडी रॉयलच्या वर, दुसऱ्या क्रमांकावर गेली असती. मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं.

"पण बापू, दुसऱ्या नंबरला चषक नसतो," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"नसू दे. लोकांना कळेल तरी, की तिसरा पक्षकार पण आहे."

सामन्याला मी गेलो. वाघाडी जिवावर उदार होऊन खेळत होती. आमचा कर्णधार जावेद किसनला सावलीसारखा चिकटला होता. तरी किसन दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा त्याने चेंडू दांडीवरून घालवला. जुना रोग उलटला होता. बापू स्टुलावर बसून मैदानाच्या दुसऱ्याच टोकाकडे पाहत होते.

सामना बिनगोल. पंच घड्याळ बघू लागले होते. तेवढ्यात जावेदचा पाय घसरला आणि किसन चेंडू घेऊन एकटाच गोलसमोर आला. बापू ताडकन उठले आणि सगळा आवाज लावून ओरडले, "किसन, खाली ठेव!"

किसनने खाली ठेवला. चेंडू जमिनीला घासत, आमच्या गोलकीपरच्या हाताखालून जाळ्यात गेला.

सम्राटच्या खेळाडूंनाही क्षणभर नाचावं की नाही ते कळेना. ते बापूंकडे बघत होते. जावेद कमरेवर हात ठेवून आला. "बापू, तुम्ही नक्की कोणाकडून?"

"अरे, तोंडातून गेलं रे!" बापू एवढंसं तोंड करून म्हणाले.

शिट्टी झाली. वाघाडी तिसरी. किसन धावत आला आणि बापूंच्या पायाशी वाकला. "बापू, तुमी वरडलात, मंग पाय आपोआपच खाली गेला. माझा काय इलाज नाय चालला."

बापूंनी त्याच्या पाठीवरची माती झटकली. खूप वेळ झटकत राहिले. मग म्हणाले, "जा, बोलावताहेत तुला."

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो, एका गुणाने हुकलं, पुढच्या हंगामात आणखी जवळ जाऊ, वगैरे. पूल ओलांडला. सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सुधीर, वाळलाय रे तो."

मी मान वळवली.

"गालफडं बघितलीस? जेवत नसणार पोटभर. त्याला आपण होऊन वाढावं लागतं. तो दुसऱ्यांदा मागत नाही."