झाडू, साडू आणि गवतपतंग

"पंखा लावशील तर खबरदार!" नवरा ओरडला आणि बायकोचा हात बटणापाशीच थबकला.

"अहो, घामाच्या धारा लागल्यात. केर पण काढायचाय."

"केराचं नाव काढू नकोस. भिंतीवर बघ. गवतपतंग!"

नवरा बँकेत रोखपाल होता, पण जीव सगळा पतंगांत. कीटकमंडळाच्या अंकात साडूचे फोटो नेहमी छापून येत. ह्याचा एकही आला नव्हता. त्या दुःखाने त्याला अन्न गोड लागत नसे. आज अंगणातलं गवत कापून तो आत येतो, तर खुर्चीच्या वरच स्वारी पंख अंगाभोवती गुंडाळून बसलेली! गवतावर वाढणारे हे पतंग वाळक्या काडीसारखे दिसतात, हे त्याने वाचलं होतं. पण जात पक्की करायला दुसऱ्या सभासदाची साक्ष लागे, आणि जवळपास सभासद एकच. साडू.

साडू भिंग घेऊनच आला.

"पंखावरचा पट्टा पांढरा दिसतोय."

"पिवळट आहे! आणि नाक बघा, केवढं लांब."

"ते नाक नव्हे," साडू म्हणाला, "ते बूड."

नाकाबुडावरून दोघे हमरीतुमरीवर आले. वर्तमानपत्राने वारा घेणाऱ्या बायकोचा धीर सुटला. तिने सरळ पतंग चिमटीत धरला.

"मारलास बिचाऱ्याला!" नवऱ्याने डोळेच मिटून घेतले.

"काडी आहे ही. काल जळमटं काढली ना, तेव्हा चिकटली असेल."

दोन्ही विद्वानांची तोंडं पाहण्यासारखी झाली. "मला आधीच शंका होती," असं म्हणत साडू भिंग पुसू लागला. नवरा तर रडायच्या बेतात होता. बायकोला त्याची दया आली, पण केर थोडाच थांबणार? तिने दाराशी ठेवलेला झाडू उचलला. झाडूतली एक काडी भुर्रकन उडाली, गिरकी घेऊन पुन्हा झाडूवरच बसली.

"हलू नकोस!" दोघे एका सुरात किंचाळले.

ह्या वेळी पट्टाही होता, नाकही होतं. आता फक्त त्याने पंख उघडायला हवे होते, म्हणजे मागचे पंख दिसून जात ठरली असती. नवऱ्याने कॅमेरा रोखला.

"मग केर?" बायकोने झाडू तसाच धरून अलगद खुर्चीत बसत विचारलं. "ह्यांच्या हातात कॅमेरा, माझ्या हातात झाडू. भावजी, तुम्ही रिकामेच दिसताय."

पुढच्या अंकात नवऱ्याचा पहिला फोटो छापून आला, तोही मुखपृष्ठावर. मधोमध झाडूवर पंख पसरलेला गवतपतंग, आणि मागे, जरासा अस्पष्ट, सोफ्याखालचा केर हातांनी ओढणारा साडू.