नंदाची गणती

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी सुभेदार काटकरांची नंदा पुसून टाकली.

म्हणजे नंदा नावाचं फोल्डर. चुकून नव्हे. चांगला शुद्धीवर असताना, दोनदा विचार करून, आणि वर त्यांच्यावर उपकार करतोय अशा समजुतीत.

सुभेदार कोण ते आधी सांगतो. आमच्या सांगलीत पदवीधरांसाठी कॉम्प्युटर सिस्टिम्सचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स चालतो, शनिवार-रविवार. मी शाळामास्तर. शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली, तिची किल्ली माझ्याकडे आली आणि किल्लीपाठोपाठ हेडमास्तरांचा निरोप आला, की सर्टिफिकेट आणा. सुभेदारांना मात्र कुणीच पाठवलं नव्हतं. वय साठ, फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त, नोकरीत असतानाच पोस्टाने बी.ए. झालेले. कोरेगावाहून पहाटेची गाडी धरून यायचे, ते आम्हा सांगलीकरांच्या आधी अर्धा तास. बूट असे, की त्यांत बघून भांग पाडावा.

वर्गात जोड्या लावल्या तेव्हा मी नेमका बाहेर चहा पीत होतो. परत आलो तर उरलेले आम्ही दोघे. दोघांत एक मशीन, एक खातं, एक प्रोजेक्ट.

मशीन चालू करताना सुभेदार ‘सावधान’ म्हणायचे, बंद करताना ‘विश्राम’. मनात नव्हे, मोठ्यांदा. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरचे दोघे दचकून उभे राहिले होते. माउसला ते हात लावत नसत. “ते बोट दावून काम सांगनं झालं. हुकूम कसा, तोंडानं द्यायचा न्हाईतर लिवून.” म्हणून काळ्या पडद्यावर एका बोटाने एकेक अक्षर ठोकत ते हुकूम लिहायचे आणि हाताची घडी घालून वाट बघायचे. मशीनने चूक दाखवली की खूश. “बगा मास्तर, चुकलं तर तोंडावर सांगतंय. मानसं सांगत न्हाईत.”

प्रोजेक्ट त्यांनी एकट्याने केला. आमचं खातं कोर्सच्या रात्रंदिवस चालू असलेल्या मोठ्या मशीनवर होतं; ठरलेल्या वेळी त्याने आपलं आपण काम करायचं, समोर कुणी असो वा नसो. माझा वाटा म्हणजे पहिल्या पानावरचं माझं नाव. यावरून दर शनिवारी ठरलेला टोमणा असायचा. “मास्तर, परीक्षकानं इचारलं, ह्यात तुमचं काम काय, तर काय सांगनार?” मी हसायचो आणि चहा मागवायचो.

तर त्या दुपारी सुभेदार हॉल तिकीट आणायला ऑफिसात गेले आणि मी वर्षात पहिल्यांदा आमच्या फाइली नीट बघितल्या. प्रोजेक्टच्या शेजारी नंदा नावाचं फोल्डर. आत एकच ओळ, रोज संध्याकाळी सातला कुणा नंदाला मेलने पाठवायची. ‘जेवलीस का?’

साठीचा माणूस! कोरेगावात बायको! मला आधी हसू फुटलं आणि मग घाम. उद्या बाहेरचा परीक्षक हे उघडणार, आणि खात्यावर नाव दोघांचं. माझी बायको तर सांगलीतच राहते. दोघांची अब्रू वाचवायला मी पुसण्याचा हुकूम लिहिला, आयुष्यात पहिल्यांदाच बिनचूक. काळ्या पडद्यावर कचऱ्याची टोपली नसते. गेलं ते गेलं.

सुभेदार परतले. आम्ही उजळणी केली. साडेसहाला वर्ग रिकामा झाला, मीही पिशवी उचलली.

“थांबा की,” सुभेदार म्हणाले. “सातला गणती हाय.”

“कसली गणती?”

“पलटणीत रोज सांजच्याला गणती हुत्या. कोन हाय, कोन न्हाई. आता माजी एकच मोजायची राह्यली. नंदा.”

“कोण नंदा?” आवाज माझा वाटत नव्हता.

“पोरगी. बंगळुराला असत्या. कॉम्पुटरातच.”

मग ते पडद्याकडे बघतच बोलले. नंदा कॉम्प्युटरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. हे सुट्टीवर आले, स्थळ ठरवलं आणि शिक्षण बंद असा हुकूम सोडला. तिने तो मानला नाही. घर सोडलं, आपली आपण शिकली. आईशी बोलते. यांचा फोन नऊ वर्षं उचलत नाही.

“मेलचा पत्ता तिच्या आईनं दिला. पर लिवाय बसलो की हात थांबायचा. मशीनचा थांबत न्हाई. त्यापायी आलो हितं. आठ म्हयनं झालं, गणती एक दिस चुकली न्हाई. उत्तर येत न्हाई, ते येगळं.”

त्यांनी खिशातली वही दाखवली. तारीख, गैरहजर. तारीख, गैरहजर. पानंच्या पानं.

सातला वीस मिनिटं होती.

“सुभेदार, तुम्ही दोन चहा आणा बघू,” मी म्हणालो. ते गेले आणि मी मशीनवर तुटून पडलो. पण लिहू काय? वर्षभर शेजारी बसून मी त्यांचे फक्त बूट नीट बघितले होते. एक हुकूम लिहिला, चूक. दुसरा लिहिला, चूक. मशीन तोंडावर सांगत होतं. नंदाचा पत्ता तर पुसलेल्यातच गेला होता. सातला दोन मिनिटं. एक मिनिट. दारात बुटांचा आवाज आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून गेले होते.

“मी पुसलं,” मी म्हणालो. “मला वाटलं... भलतंच वाटलं.”

सुभेदारांनी चहा टेबलावर ठेवला. मला शिव्या हव्या होत्या. फौजेतल्या, हिंदीतल्या, लांबलचक. त्यांनी वही काढली, तारीख लिहिली आणि पेन तसंच धरून बसले. त्या दिवशी गैरहजर कोण, तेच त्यांना लिहिता येईना.

चहावर साय धरली. मला घरी जावंसं वाटत होतं, पण उठायची हिंमत होईना.

सव्वासातला त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते ताडकन उभे राहिले. टाचा जुळवून.

“अप्पा?” रिकाम्या वर्गात मलाही स्पष्ट ऐकू आलं. “आज मेल आला न्हाई. बरं हाय न्हवं तुमास्नी?”

नऊ वर्षांचं बोलणं साठलेलं. बाहेर आलं ते एवढंच.

“जेवलीस का?”

पलीकडे ती हसली की रडली, मला कळलं नाही.

“आवं अप्पा, सातला कोन जेवतंय? मी हापिसातच असते. नऊला जेवते मी. आठ म्हयनं झालं, रोज उपाशी असतानाच इचारताय.”

“मग सांगायचं न्हाईस?”

“तुमी कवा ऐकून घेतलंय?”

सुभेदारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळू म्हणाले, “आता सांग.”

“नऊला फोन लावा. तुमी सोता. मशीनकडनं नको.”

“बरं,” सुभेदार म्हणाले. हुकूम देणाऱ्या माणसाला हुकूम घेताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

फोन ठेवून त्यांनी टाचा मोकळ्या केल्या. मग खाली बसून त्यांनी वहीत तारखेपुढे ‘हजर’ लिहिलं, गार चहा एका घोटात संपवला, मशीनला ‘विश्राम’ म्हणाले. ते नेहमीसारखं मोठ्यांदा निघालं नाही.

दाराला कुलूप लावताना मला जरा धीर आला. “म्हणजे बघा सुभेदार, एका अर्थी माझ्यामुळेच...”

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं.

“मास्तर, उद्या परीक्षक इचारंल, ह्यात तुमचं काम काय. आता सांगाय हाय तुमच्याकडं. म्हना, पुसायचं.”