मेस्त्रींचा झोल

उंब्रजचे शंकर मेस्त्री कोणाकडंही गेले की आधी डावा डोळा मिटतात. टेबल, चौकट, देव्हारा, समोर येईल त्याच्या कडेवरून उजव्या डोळ्यानं बघतात आणि निकाल देतात, "झोल हाय." आमच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी पाटाकडं बघून हेच म्हटलं. ऐकलं व्याह्यांनी. बोलणं पाटाबद्दल आहे, हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

गावातल्या एका इंजिनिअरनं त्यांना मोबाईलवरची लेव्हल दाखवली, तर म्हणाले, "मोबाईलच वाकडा हाय."

आसपासच्या भजनी मंडळांच्या वीणा मात्र तेच दुरुस्त करायचे. म्हणून मी माझं व्हायोलिन त्यांना दिलं. बोटं दाबायची काळी पट्टी झिजली होती, ती रंध्यानं सारखी करायची होती. एका सकाळचं काम. मेस्त्रींनी तीन आठवडे घेतले! रंधा बोटाएवढा, साल केसाएवढी. मग फुंकर, मग डोळा, मग चहा.

"मेस्त्री, रविवारी इस्लामपुरात कार्यक्रम आहे हो."

"लाकडाला म्हाईत न्हाई ते, गुरुजी."

शनिवारी व्हायोलिन मिळालं. घरी तारा सैल करून पट्टीवर लांबीनं स्टीलची फूटपट्टी कडेवर धरली, तर तिच्याखाली मधे उजेड! म्हणजे तीन आठवडे घेऊन झोल तसाच. मी चिडून शाळेच्या कार्यानुभवाच्या कपाटातला रंधा आणला आणि दोन्ही टोकं तासून पट्टी सपाट केली.

कार्यक्रमात पहिल्याच सुराला तार पट्टीवर खडखडली. लोक हसले. मेस्त्री मुद्दाम ऐकायला आले होते. माझी बायको त्यांच्यावरच घसरली, "काय करून ठेवलंत हे?"

मेस्त्रींनी पट्टीवरून अंगठा फिरवला. माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाले, "चुकलं, वहिनी."

मी गप्प राहिलो. नुसता गप्प नाही, पुढं गावभर सांगत सुटलो, मेस्त्रींनी झोल केला. त्यांच्याकडं पुन्हा कोणी वीणा नेली नाही.

तारेला हलायला जागा हवी, म्हणून पट्टीच्या मधे केसभर खोलगटपणा मुद्दाम ठेवतात, हे साताऱ्याच्या एका कारागिरानं मला पुढच्याच महिन्यात सांगितलं होतं. त्याला बारा वर्षं झाली. आता लिहितो: मेस्त्रींचं काम बिनचूक होतं. पट्टी मी बिघडवली.

परवा त्यांच्याकडं जाऊन हे कबूल केलं. ते एका दाराची चौकट तासत होते.

"म्हाईत हाय की. दुसऱ्या रंध्याचा घाव हुता त्यो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आवं, वहिनी हुत्या न्हवं समोर. तुमास्नी घरात मान खाली घालाय लागली असती."

"आणि तुमची मान?"

"माझ्या घरात कोण हाय बघाय?" असं म्हणून त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं माझ्यासाठी स्टुलावरचा भुसा पुसला.