जनीमावशींची हजेरी

नवी मुंबईच्या करावे गावातल्या आमच्या घरमालकीण जनीमावशी गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी सात वाजता बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसल्या. नऊवारी, अंबाड्यात अबोली, पहिला बाक. सरांनी सोनलचं नाव पुकारलं की खणखणीत आवाजात "हाय!"

सोनल शेजारची पोर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पहाटे मासळी आणून बाजारात तीच बसायची, नाहीतर घरात चूल पेटायची नाही. सकाळचे तास बुडाले. कॉलेजने कळवलं, उरलेले जवळजवळ सगळे तास भरले नाहीत तर परीक्षेला बसू देणार नाही. त्या घरातलं पहिलंच कुणी इतकं शिकलेलं, आणि नेमकं उंबरठ्यावर अडवलं!

मावशींचं म्हणणं सरळ होतं. होडीवरचा एखादा आजारी पडला की त्याचा भाऊ जातो, आणि वाटा आजाऱ्याच्याच घरी पोचतो. "तिच्या वतीनं येक मानूस आला ना? मंग लाव हजेरी! यो कंचा न्याव?" हे त्यांचं पालुपद. नळाला पाणी आलं नाही, रिक्षावाला नाही म्हणाला, मालिकेतली सासू जिंकली, तरी हेच.

दोन दिवस वर्ग हसला. तिसऱ्या दिवशी सरांनी त्यांना प्राचार्यांकडे पाठवलं. सोबतीला मी गेले. गारेगार केबिनमध्ये आम्हाला उभ्यानेच नियम ऐकवण्यात आला. भिंतीवर मुलींच्या शिक्षणाची भलीमोठी पाटी!

"नियम सगळ्यांना सारखा," प्राचार्य म्हणाले.

म्हणे सारखा! ज्याला बाबा गाडीतून फाटकाशी सोडतात त्याला, आणि जिचे हात सात वाजता बर्फाच्या पाण्यात असतात तिलाही! माझं डोकंच फिरलं.

मावशी म्हणाल्या, "तुमी बसलाय ना, तिथं माज्या सासऱ्याचा भात पिकायचा. सरकारनं शेत घेतला तवा आमाला कोनी नियम इचारला नाय."

प्राचार्यांनी पाणी मागवलं. स्वतःपुरतं. नियम मात्र तसूभर हलला नाही.

परत येताना मी वैतागून म्हटलं, "मावशी, उलटं करा ना! तुम्ही मासळीवर बसा, सोनलला वर्गात पाठवा." हयात मासळी विकण्यात गेलेल्या बाईला एवढं सुचू नये?

मावशी चालता चालता थांबल्या. आवाज एकदम उतरला.

"पयल्याच दिशी सुचला व्हता, बाय. पन मना दुसरीतून उठवली नि डोक्यावर टोपली दिली. वाटला, थोरे दिस बाकावर बसून घेऊ."

आता कुणावर चिडावं तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात सोनलच्या जागेवर मावशी बसल्या. सोनलने त्यानंतर एकही तास चुकवला नाही. हॉलतिकीट आलं त्या दुपारी मी बोंबील घ्यायला बाजारात गेले. कॉलेजातून थेट आलेली सोनल मावशींच्या शेजारी बसून सकाळी शिकवलेलं सगळं सांगत होती. मावशी कोयता खाली ठेवून, मान हलवत ऐकत होत्या. त्यातलं किती समजत होतं देव जाणे.

समोरचं गिऱ्हाईक खेकसलं, "ओ मावशी, सुरमई कापताय ना?"

"थांब रं जरा," मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तास चाललाय."