पाच पाठींची जाहिरात

"भिंतीवरची जाहिरात एका जागी उभी राहती, तात्या. आपली जाहिरात पळंल," असं अल्ताफ तांबोळीनं छातीठोकपणे सांगितलं, आणि पणदऱ्याचे सोनबातात्या देवकाते तिथंच गार झाले.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. बारामती-इंदापूरकडं चार संघांची बास्केटबॉल लीग निघाली होती. हौशी नव्हे, पैसेवाली. खेळाडूंना सामन्यामागं मानधन, संघाला तिकिटात वाटा. पण खुर्च्या ऐंशी आणि त्यात फुकटे पन्नास, तेव्हा सगळी भिस्त प्रायोजकावर. बारामती संघाचा मॅनेजर अल्ताफ. तसं त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान, पण लीग निघाल्यापासून तो गिऱ्हाइकाला कॅरमच्या सोंगट्या देतानासुद्धा 'मार्केटिंग' म्हणायचा.

सोनबातात्यांची सरकी पेंडीची गिरणी होती. त्यांनी घोषवाक्य स्वतः रचलं होतं : 'पेंड घाला, दूध कमी न्हाय.' मैदानात खेळाडू पाच, वाक्यात शब्द पाच. अल्ताफनं एकेका पाठीवर एकेक शब्द छापून घेतला. पांढरी जर्सी, निळी अक्षरं, वर बारीक नंबर.

"न्हायच्या जागी नाही छापू का?" त्यानं विचारलं होतं.

"नाही वाचून कुठली म्हस दूध देती?" तात्या म्हणाले.

पहिला सामना इंदापुरात. तात्या भाचरांसकट पुढच्या रांगेत. सुरुवातीला पाचही जणांनी पाठी करून ओळीत उभं राहून दाखवलं, तेव्हा तात्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाकडूनही ते वाक्य वाचून घेतलं.

मग शिट्टी झाली आणि वाक्य मैदानभर पांगलं.

घटकाभरात लोकांनी खेळाडूंची नावंच टाकून दिली. "ए पेंड, पास दे की." "घालाला मोकळं सोडू नका." एक गडी घसरून पडला तर मागून कुणीतरी हळहळलं, "दूध सांडलं." तात्यांना मजा वाटत होती. संघही सहा गुणांनी पुढं होता, कारण 'कमी' म्हणजे म्हस्कू. त्यानं एकट्यानं एकवीस गुण केले होते.

घोटाळा केला 'न्हाय'नं. हा बिरदेव. गडी चांगला, पण कोपरं फार. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना त्याचा पाचवा फाऊल झाला आणि पंचांनी त्याला कायमचा बाहेर बसवला. बदली पोरगा आला कोऱ्या पाठीचा. लगेच फ्री थ्रोसाठी सगळे थांबले, आणि नशीब असं की चौघं नेमके ओळीनं उभे.

पेंड. घाला. दूध. कमी.

इंदापूरकरांनी एका सुरात वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तात्या उठून थेट अल्ताफच्या बाकाशी आले.

"मी हे काय वाचतोय?"

"तात्या, बिरदेवचे फाऊल भरले."

"मग ती न्हाय दुसऱ्याच्या अंगात घाल."

"नंबर बदलतो. पंच न्हाय म्हणत्यात."

"पंचांकडं न्हाय हाय आणि माझ्याकडं न्हाय न्हाय? मग कमीला बाहेर घे. न्हायतर उद्यापासून तू तुझा, मी माझा."

तात्या गेले तर पोरांचं मानधन गेलं. म्हस्कूनं तर लीगपायी वेल्डिंगचं काम सोडलेलं. अल्ताफनं जड मनानं त्याला बोलावलं.

"मी दमलो न्हाय," म्हस्कू म्हणाला.

"तू दमला न्हायस रं. तू कमी हायस."

म्हस्कू बसला आणि आघाडी वितळायला लागली. सहाची चार, चाराची दोन. एक मिनिट उरलं तेव्हा बारामती एका गुणानं मागं. अल्ताफला राहवेना. त्यानं औषधपेटीतली पांढरी चिकटपट्टी काढली, म्हस्कूच्या पाठीवर 'क'वर एक आणि 'मी'वर एक अशा पट्ट्या दाबल्या आणि त्याला आत ढकलला. आता नुसतं 'पेंड घाला दूध'. तात्यांनी मान डोलावली.

पण घामाला चिकटपट्टीची काय भीड? म्हस्कू दोनदा पळाला आणि एक पट्टी गळून पडली. 'क' झाकलेला राहिला.

"दूध मी," एक पोरगी मोठ्यांदा वाचून हसली. मग सगळं मैदान. "दूध मी, दूध मी." म्हस्कूला वाटलं, परक्या गावात आपल्या नावाचा जयजयकार चाललाय. त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं लांबून, जवळजवळ मधल्या रेषेवरून चेंडू फेकला. चेंडू कड्यावर दोनदा फिरला आणि आत पडला.

बारामती जिंकली. इंदापूरकरांनीच म्हस्कूला खांद्यावर घेतला. त्या गर्दीत तात्या कुठं गेले ते अल्ताफला दिसलंच नाही.

रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी माफी मागायला पणदऱ्यात गेला, तर गिरणीपुढं इंदापूरचे दोन टेम्पो उभे. पोती भरली जात होती. टेम्पोवाला म्हणत होता, "त्या दूध मीची पेंड हीच न्हवं?"

तात्यांनी अल्ताफला गूळ घातलेला चहा पाजला आणि पूर्ण हंगामाचा करार पुढं सरकवला.

"फकस्त एक अट हाय," ते म्हणाले. "पोरं लई पळत्यात. वाचणाराला वाचायला येळच गावत न्हाय. जरा एका जागी उभं राहून खेळत जा म्हणावं."

अल्ताफनं पेन उघडलं. "सांगून बघतो, तात्या," म्हणाला, आणि तात्यांचं मन बदलायच्या आत सही केली.