मनोऱ्याची झडप आणि ताईची गोळी

घड्याळजी मनोऱ्याच्या झडपेत अडकले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असावेत. 'असावेत' म्हणायचं कारण, गावाला वेळ सांगणारं मोठं घड्याळच बंद पडलं होतं आणि तेच दुरुस्त करायला घड्याळजी वर चढले होते. डोकं आत गेलं, खांदे गेले, आणि मग पोट आडवं आलं. बारा वर्षांपूर्वी याच चौकोनातून ते मांजरासारखे आत शिरले होते. झडप तेवढीच राहिली होती.

आत दुधी काचेतून ऊन गाळून येत होतं आणि पितळी चाकांच्या दातांवर पेंगत पडलं होतं. मधल्या चाकाची खीळ झिजून खाली पडलेली त्यांना लख्ख दिसली. त्यांनी हात लांबवला. तीन विती कमी पडल्या.

"काय बिघडलंय?" खालून नगरपालिकेचे कारकून ओरडले.

"खीळ!"

"मग बसवा की!"

"आधी मला काढा!"

कारकुनांनी पाय धरून ओढलं. घड्याळजी बाहेर आले, सदऱ्याची चार बटणं आत राहिली.

"झडप जरा मोठी नाही का करता येणार?"

"जुनी दगडी भिंत आहे. छिन्नी लावायला मनाई," कारकून म्हणाले. "दोन महिन्यांची मुदत आहे, घड्याळजी. नाहीतर बाहेरची कंपनी विजेचं घड्याळ बसवणार. आकडे दिसतील, ठोके नाहीत."

हे घड्याळ घड्याळजींच्या आजोबांनी सांभाळलं होतं, वडिलांनी सांभाळलं होतं. आपल्या हातून त्याचा आवाज जावा, आणि तोही पोटापायी?

घरी त्यांच्याखेरीज थोरली बहीण होती. ताई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आणि अजूनही घरात तास घेत असल्यासारखी बोलायची. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला वजन उतरवायला सांगितलं होतं. चालणं होतं, बेताचं खाणं होतं, आणि भूक आवरायची एक गोळी होती. बारा आठवडे, रोज सकाळी एक. तीन आठवड्यांत ताईची कंबर चांगलीच उतरली होती.

त्या संध्याकाळी घड्याळजी गोळ्यांच्या बाटलीकडे बघत बसले. ताईचं उतरतं, तर आपलं का नाही? औषध ते औषध. दुसऱ्या दिवशी ताई उठायच्या आत त्यांनी एक गोळी गिळली.

आता गंमत अशी, की ताई गोळ्या मोजून घ्यायची. नाश्त्याच्या वेळी तिनं मोजल्या, भिंतीवरच्या तारखेशी ताडून बघितल्या आणि म्हणाली, "अरेच्चा! आजची घेतली वाटतं मी."

घड्याळजींनी चहाच्या कपात नाक खुपसलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पहाटे गोळी घड्याळजींच्या पोटात जायची, आणि नाश्त्याला हिशेब चोख जुळायचा. ताईच्या पोटात मात्र गोळीऐवजी पाव जायला लागला. आधी एक, मग दोन, मग घड्याळजींनी न खाल्लेलेही दोन.

घड्याळजींची भूक कुठल्या कुठे पळाली. तोंड कोरडं पडलं. दुकानात बसलं की वाटायचं, आपण स्टुलावर नाही, स्टुलाच्या वीतभर वर बसलोय. चिमट्यात धरलेलं मनगटी घड्याळाचं बारीक चाक फुलासारखं दिसायचं आणि ते बघता बघता अर्धी सकाळ निघून जायची. दुकानातली सतरा घड्याळं टिकटिक करायची आणि त्या सगळ्यांच्या पुढे पुढे त्यांचं स्वतःचं काळीज धावायचं. एकदा त्यांनी मोजून पाहिलं. मिनिटाला एकशे बारा. 'तासाला बरंच पुढे जातंय,' ते पुटपुटले, आणि गिऱ्हाइकाला चुकून दुसऱ्याचंच घड्याळ देऊन बसले.

इकडे ताई मनातून हादरली होती. घेतलेली गोळी आठवत नाही म्हणजे काय? ती स्वतःची परीक्षा घेऊ लागली. भांडी घासताना नद्या, झाडू मारताना राजधान्या. सगळं धडाधड आठवायचं.

"जगातली शिखरं उंचीसकट पाठ आहेत," ती एक दिवस रडवेल्या आवाजात म्हणाली, "आणि सकाळची गोळी आठवत नाही. मी कामातून गेले रे!"

घड्याळजींच्या काळजात कळ उठली. सांगून टाकावं असं वाटलं. पण कमरेचा पट्टा एक भोक आत आला होता आणि झडप डोळ्यांपुढे तरंगत होती. त्यांनी नुसतं खिडकीबाहेर पाहिलं.

ताईनं ते पाहणं टिपलं. जेवत नाही, झोपत नाही, कुठंतरी हरवलेला असतो. आणि खिडकीबाहेर, समोरच काय होतं? चष्म्यांचं दुकान. त्या दुकानाच्या मालकीणबाई एकट्या राहत, मोजकं बोलत, आणि महिन्यातून एकदा चाकांना तेल घालून घ्यायला घड्याळ घेऊन येत. 'तरीच!' ताई मनात म्हणाली. 'पन्नाशीत पालवी फुटली!' आपली स्मरणशक्ती जायच्या आत भावाला मार्गी लावावं म्हणून तिनं चष्मेवाल्या बाईंना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

त्या दिवशी घड्याळजींची नववी गोळी होती. टेबलावर सूप आलं, भाजलेले बटाटे आले. वाफेतून समोरच्या बाई त्यांना पाण्याखालून दिसाव्यात तशा दिसत होत्या.

"घ्या ना," ताई पाहुणीला म्हणाली. "याचं काही मनावर घेऊ नका. नऊ दिवस झाले, अन्नावर वासनाच नाही. काळीज नुसतं धडधडतंय म्हणतो." आणि खोकून पुढे म्हणाली, "कारण काय ते तुम्हीच ओळखा."

चष्मेवाल्या बाईंनी चमचा खाली ठेवला. त्या पुढे वाकल्या. घड्याळजींच्या डोळ्यांत त्यांनी असं रोखून पाहिलं, की ताईनं संकोचून बटाट्यांकडे नजर वळवली.

"घड्याळजी, खिडकीकडे बघा. आता माझ्याकडे."

घड्याळजींनी बघितलं. वाटलं, असंच बघत राहावं.

"एवढ्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या?" बाई म्हणाल्या. "तुम्ही कसली गोळी घेताय?"

ताईनं सावकाश भावाकडे पाहिलं, मग फडताळातल्या बाटलीकडे, मग भिंतीवरच्या तारखेकडे.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

"ताई, झडप..."

"म्हणजे माझी आठवण शाबूत आहे?" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं ते पुसलं आणि उलथनं उचललं. "आणि तुझी अक्कल?"

बाई मध्ये पडल्या. "रागवा नंतर. आधी डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाईंनी रविवार असूनही दवाखाना उघडला. दंडाला पट्टा बांधून फुगवला, आकडा बघितला, आणि पुन्हा फुगवला.

"तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?"

"हो."

"ताईंना ही गोळी मी त्यांचं वजन, रक्तदाब, हृदय, बाकीची औषधं, सगळं बघून दिली. शिवाय दर पंधरा दिवसांनी तपासतेय. तुम्हाला काय बघून दिली?"

"मला दिलीच नाही."

"तेच म्हणतेय मी! रक्तदाब असलेल्यानं ही चोरून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. आज आलात म्हणून बरं. ही बंद. तासभर इथं पडून राहा, मी परत मोजणार आहे. उद्या पुन्हा या. वजन उतरवू, पण तुमच्या प्रकृतीच्या बेतानं. सहा महिने लागतील."

"मुदत दोन महिन्यांची आहे."

"घड्याळाची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची थोडी जास्त असावी असं मला वाटतं."

खाटेवर पडल्या पडल्या घड्याळजी छताकडे बघत राहिले. आपल्याला काही झालं असतं तर ताई नद्यांची नावं घोकत एकटीच राहिली असती, हे त्यांना तिथं पहिल्यांदा उमगलं. बाहेर बाकावर ताई आणि चष्मेवाल्या बाई हळू आवाजात बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याच्या लयीवर काळीज हळूहळू ताळ्यावर आलं.

त्यानंतर ताईनं गोळ्या कुलपात ठेवल्या. रोज सकाळी एक स्वतः घ्यायची, दर पंधरा दिवसांनी तपासून यायची, आणि संध्याकाळी भावाला घेऊन गावाबाहेरच्या तळ्याभोवती चालायची. घड्याळजींचं वजन मुंगीच्या पावलांनी उतरत होतं. मुदत सशाच्या उड्या मारत जवळ येत होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी जेवणाच्या टेबलावर नवी खीळ ठेवली आणि म्हणाले, "हरलो, ताई. मला काही जमत नाही."

ताईनं खीळ उचलली, उजेडाला धरून फिरवली. "तुला नाही जमत. झडप केवढी आहे म्हणालास?"

शनिवारी सकाळी ताई मनोऱ्यावर चढली. आधीच बुटकी, त्यात आठ किलोनं उतरलेली. पेटीत पत्र टाकावं तशी ती झडपेतून आत गेली. घड्याळजी शिडीवर उभं राहून सांगत होते, "डावीकडचं चाक धर... आता खीळ... हळू... ठोक!" आतून ठोकल्याचा आवाज आला, मग ताईचा, "केवढी धूळ! बारा वर्षांत झाडलं नाही कुणी!"

घड्याळजी धावत खाली चौकात आले. तिथं चष्मेवाल्या बाई मान वर करून उभ्या होत्या, शेजारी कारकून. कोवळं ऊन, कबुतरं, सगळं थांबल्यासारखं. मग वर काहीतरी कण्हलं, मोठा काटा थरथरला, आणि पहिला टोल सगळ्या छपरांवरून दूरवर पसरत गेला. चष्मेवाल्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि घड्याळजींच्या बाहीला हलकेच हात लावला.

"दहा मिनिटं पुढे आहे," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "ताई! दहा मिनिटं पुढे लावलंस!"

दुधी काचेची लहान खिडकी उघडली. धुळीनं पांढरं झालेलं ताईचं डोकं बाहेर आलं.

"मुद्दामच लावलंय," ती वरून म्हणाली. "या गावाला तीस वर्षं शिकवलंय मी. एकजण कधी वेळेवर आला नाही."