खाचरातली माणसं

ठकूबाई शेतावरून परत आली ती फणफणतच. डोक्यावरचा गवताचा भारा तिने गोठ्याच्या दारात टाकला, घटाघटा पाणी प्याली आणि मग नवऱ्याला सांगितलं की शेजारच्या मुरारीला आजकाल फार माज आलाय. आपल्याच खाचरात, ऐन भातात जाऊन उभा होता. हाका मारून घसा सुकला, पण पठ्ठ्याने वळून पाहिलं नाही. वर हसत होता.

हैबती ओट्यावर भाकरी खात होता. घास त्याच्या हातातच राहिला.

"हसत होता?"

"गालातल्या गालात. मी काय येडी हाय?"

"मंग तू काय म्हणालीस त्याला?"

"म्हणायचं ते म्हणाले. बापापासून सगळे काढले. तरी ढिम्म."

हैबतीने ताट बाजूला सारलं. साठी ओलांडलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ठकूबाईला वाटलं, ठसका लागला. पण ते आनंदाचं पाणी होतं. खाचरात मुरारी नव्हताच. हैबतीने आदल्या संध्याकाळी तिला न सांगता उभं केलेलं बुजगावणं होतं.

लहानपणी चुलत्याबरोबर गणपती आणायला तो पेणला गेला होता. तिथे एका कारखान्यात एक म्हातारा मूर्तीचे डोळे आखत होता. कुंचला फिरला आणि इतका वेळ नुसती माती असलेलं ते तोंड हैबतीकडे बघायला लागलं. घरी येऊन त्याने बापाला सांगितलं की मला मूर्ती करायला शिकायचंय. बापाने ऐकून घेतलं आणि मिसरूड फुटायच्या आत त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं. औषधांच्या कंपनीत खोकी बांधता बांधता नोकरी सरली. निवृत्त होऊन गावी, कापड्याला परतल्यावर मात्र त्याने अर्धा गोठा झाडून घेतला, महाडहून शाडू नि रंग आणले आणि राहिलेलं काम हातात घेतलं.

अडचण एवढीच होती की त्याला देव जमत नव्हता. पहिल्या गणपतीला सोंड होती, कान होते, पण सोंडेच्या वरून बघत होता तो गावचा पोस्टमन. लक्ष्मी केली, तर ती थेट रेशन दुकानदाराच्या बायकोसारखी झाली, आणि उधारी मागायला आल्यासारखी बघायला लागली. असली मूर्ती पूजेला कोण नेणार? तेवढ्यात रानडुकरं भातात शिरायला लागली. ठकूबाई म्हणाली, देव राहू द्या, एक बुजगावणं करा. मग त्याने मडक्यावर कागदाचा लगदा चढवला, त्यावर शाडू, वरून तेलरंग. चेहरा कोणाचा, ते ठरवलं नव्हतं. हात चालत गेले आणि मुरारी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरीतून धुकं वर आलं होतं. मुरारीच्या बायकोने, पूजाने, नवऱ्याला पडवीत चहा दिला आणि ती परसात गेली, तर नवरा खाली शेजाऱ्याच्या खाचरात उभा. ती आत आली. नवरा चहा पीत होता. ती पुन्हा बाहेर गेली. नवरा उभाच होता. मग ती तिथेच मटकन बसली.

मुरारी भांडायच्या तयारीनेच खाचरात उतरला. पण बुजगावण्यासमोर आल्यावर त्याचा आवाज खाली गेला. त्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली, आणि पाठीमागे गेल्यावर तो बराच वेळ तिथेच थांबला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मानेवरचा हा मस. तुला कसा ठाव? माझा मलाच कधी दिसला नाय."

हैबतीलाही ठाऊक नव्हता. हात चालले होते, एवढंच. तो म्हणाला की कापणीपर्यंत राहू दे, डुकरं फिरकली नाहीत. मुरारीने मान डोलावली. जाताना मात्र तो मागे वळून वळून बघत गेला.

पुढे एका दुपारी वारा सुटला आणि बुजगावण्याचा उजवा हात खांद्यापासून निखळून भातात पडला. त्याच दुपारी मुरारी पाणवठ्यावर शेवाळावरून घसरला आणि त्याचा उजवा खांदा सरकला. पोलादपूरला जाऊन खांदा बसवून आणला, हात गळ्यात बांधला, आणि घरी न जाता तो तडक हैबतीच्या दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही. नुसता म्हणाला, आधी माझा हात लाव.

हैबतीने त्याला परोपरीने सांगितलं की अरे, ते मडकं हाय, पेंढा हाय, बांबू हाय. मुरारी ऐकेना. शेवटी दोघं खाचरात गेले. हैबती बांबूला तार आवळायला लागला तशी शेजारी उभ्या असलेल्या मुरारीने ओठ दाताखाली धरला.

"हळू रे दादा," तो कळवळून म्हणाला. "जरा हळू."

हैबतीने तार हळू आवळली.

डॉक्टरने सांगितल्यापेक्षा मुरारीचा खांदा फार लवकर बरा झाला. तिथून पुढे हैबतीला उसंत मिळाली नाही. पूजा रोज बुजगावण्याचं तोंड पुसून जाऊ लागली. मुरारीने त्याच्या डोक्यावर छत्री बांधली. मग वरच्या वाडीतली एक म्हातारी आली. तिला कमरेत न वाकलेली म्हातारी करून हवी होती. कोणाला खोकला नसलेली छाती पाहिजे होती, कोणाला केस. निवृत्त तलाठी राजेंद्र आला तो खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, की असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, फक्त गुडघे तेवढे नीट करा.

हैबती हरखून गेला. आयुष्यभर ज्या कामाची वाट पाहिली ते आता गोठ्यापुढे रांग लावून उभं होतं. तो सकाळी माणसं घडवायचा आणि दुपारभर खाचरात त्यांच्यामध्ये बसून रंग सारखे करायचा. भात पिवळं पडत गेलं, आणि त्यातून छातीपर्यंत वर आलेलं सगळं गाव एकाच दिशेला तोंड करून उभं राहिलं. रानडुकरं तर सोडाच, तिथे चिमण्याही उतरेनाशा झाल्या. वारा आला की भात हलायचं, माणसं हलायची नाहीत.

एकदा दिवस मावळताना तो निघाला, आणि जाता जाता त्याने राजेंद्रच्या बुजगावण्याला गमतीत विचारलं, "काय तलाठीसाहेब, गुडघा कसा हाय?"

"बराय," उत्तर आलं.

हैबती बांध ओलांडून पळाला तो पुढच्या खाचरात चिखलात पालथा पडला. त्याला उठवायला राजेंद्रच लंगडत आला. खरा राजेंद्र. स्वतःचे गुडघे बघायला म्हणून आला होता आणि बुजगावण्याच्या मागे वाकून उभा होता. दोघंही हसले. पण त्या दिवसापासून हैबती खाचरात शिरण्याआधी खाकरायला लागला.

कापणीची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. शेतात उतरायला कोणी तयार होईना. एका कापणाऱ्या बाईने स्पष्टच सांगितलं, चुकून कोणाच्या पायाला विळा लागला तर नंतर कोणी निस्तरायचं? दाणे खाली गळायला लागले. ठकूबाईने दोन-चार दिवस वाट पाहिली, आणि मग नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वर्षभर खायचं काय? शाडू?"

मोडून टाकायला कोणी देईना, आणि हैबतीचंही मन होईना. सरतेशेवटी असं ठरलं की ज्याने त्याने आपापलं माणूस घरी न्यावं. त्या संध्याकाळी कापड्याच्या पायवाटेवरून जे गेलं तसं त्या वाटेने पूर्वी कधी काही गेलं नसेल. जो तो स्वतःला पाठुंगळी मारून चालला होता. मुरारीवर मुरारी होता. खालचा धापा टाकत होता, वरचा हसत होता. राजेंद्र मध्येच थांबला, पाठीवरच्या राजेंद्रचे गुडघे झाडाला घासत नाहीत ना ते पाहिलं, आणि लंगडत पुढे निघाला.

खाचर रिकामं झालं. हैबती बांधावर थोडा वेळ बसून राहिला. आत काहीतरी उपटून नेल्यासारखं त्याला वाटत होतं. पण उद्यापासून नवं काम घेऊ, एखादा देव पुन्हा जमतो का बघू, असं मनाशी ठरवत तो घरी आला.

गोठ्याचं दार अर्धवट उघडं होतं. आत, त्याच्या कामाच्या पाटावर, पाठमोरं कोणीतरी बसलं होतं.

"कोण हाय?"

हैबती खाकरला. मग भिंतीला धरून समोरच्या बाजूला गेला. पाटावर हैबती बसला होता. त्याचाच जुना सदरा, तसेच पुढे आलेले खांदे. डोळे असे, की पेणच्या म्हाताऱ्यानेही उठून बाजूला सरावं. गावातलं एकेक तोंड हैबतीने घडवलं होतं, पण त्यातलं एकही याच्या जवळपास येत नव्हतं.

ठकूबाई पदराला हात पुसत दारात आली. तिच्या नखांत शाडू होता.

"हे... तू?"

"तुमी दुपारभर खाचरात जाऊन बसायचा. शाडू वाळून चालला व्हता."

"तू हे शिकलीस कुठं?"

"मला कोण पाठवतंय शिकायला?" ती म्हणाली. "म्हायेरी चूल सारवताना मी ओल्या मातीत माणसं काढायची. आय पुसून टाकायची. मोठी झाले तशी मीच पुसायला लागले. मला काय करायचं व्हतं, ते कोणी कधी विचारलंच नाय."

हैबतीने दिवा जवळ नेला. कपाळ होतं, भुवया होत्या, नाक तर जसंच्या तसं. नाकाखाली मात्र हनुवटीपर्यंत नुसती गुळगुळीत माती होती.

"तोंड कुठं हाय?"

ठकूबाईने मान तिरपी करून एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"ते राहिलंय. कसं करावं त्याचा इचार चाललाय."

हैबतीला पुष्कळ बोलायचं होतं. शाडूला हात लावण्याआधी विचारायला हवं होतं, हे सांगायचं होतं. नाक जरा मोठं झालंय, हेही सांगायचं होतं. आणि डोळे फार सुरेख उतरलेत, हे तर सगळ्यात आधी सांगायचं होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

ठकूबाई शांतपणे बघत होती. मग तिने उरलेल्या शाडूवर ओलं फडकं टाकलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घाई नाय."